पाणी अजून गढूळच आहे

तुंगार्ली, लोणावळा
९ जुलै

समीक्षा यांना,

मायन्यापाशीच बराच वेळ अडले होते. ‘प्रिय’ लिहिलं तर खोटं होईल, आणि ‘ताई’ म्हणावं असं आपलं नातं काय, ते मला कुणी सांगितलेलं नाही. म्हणून नुसतं नाव लिहिलं. वाईट वाटून घेऊ नका. वाटलं तरी माझी हरकत नाही.

मी स्नेहल. श्रीयशची बायको. आत्ताची. तुमच्यासमोर ‘आमचे हे’ म्हणायची सोय नाही. घरी मी त्याला ‘अहो’ म्हणते, पण कागदावर तुमच्या बरोबरीनं अरे-तुरे करणार आहे.

आमच्या हॉलमध्ये श्रीयशनं समुद्री माशांसाठी खाऱ्या पाण्याची टाकी बसवली, हे तुम्हाला माहीत आहेच. वाळू, दगड आणि मिठाचं पोतं रत्नागिरीहून तुमच्याच दुकानातून आलं. टाकी कुठे बसवली ते कदाचित त्यानं सांगितलं नसेल. तुमची जुनी टाकी होती त्याच कोपऱ्यात. तिच्या स्टँडचे चार गंजके डाग फरशीवर होते. लग्न होऊन आले तेव्हा ते घासून निघेनात, म्हणून मी तिथे माझं शिवणयंत्र ठेवलं. आता ते आतल्या खोलीत गेलंय आणि नवीन स्टँडचे पाय बरोबर त्या डागांवर बसलेत. त्यानं टेप लावून मापलं होतं.

कारण सांगितलं ते पाहुण्यांचं. वरच्या दोन खोल्या आम्ही पर्यटकांना देतो. त्यांना हॉलमध्ये बसल्यावर काहीतरी बघायला हवं, म्हणे. सध्या बघायला आहे ते पांढरं पाणी. वाळू टाकली त्या दिवशी तांदळाच्या धुवणासारखं होतं, आता पातळ ताकासारखं आहे. गेल्या रविवारी मुंबईच्या एका पाहुण्यानं विचारलं, लोणावळ्याचं धुकं टाकीतही भरून ठेवलंय का. सगळे हसले, श्रीयशही हसला. मग तुम्हाला फोन लावायला गच्चीवर गेला.

मी त्याचा फोन बघत नाही. चार्जर माझ्या ओट्याशेजारी आहे, एवढंच. पोळ्या लाटताना दिसतं.

पाण्याचं काय करायचं ते तो तुम्हाला विचारतो, खाली येऊन सांगतो, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायला जातो. तुमच्याशी बोलताना तो ‘अगं’ म्हणतो. मलाही ‘अगं’च म्हणतो. गच्चीचं दार उघडं असलं की जिन्याखाली उभी असताना क्षणभर मी ‘काय’ म्हणून ओ देणार असते.

तर मला एवढंच सांगा, हे पाणी निवळायचं कसं? पाणी निवळलं की फोनला कारण उरणार नाही. मला दुसरं काही नको. हे मी फोनवरही विचारू शकले असते, पण तुमचा आवाज या घरात आधीच पुरेसा आहे.

उत्तर घरी पाठवू नका. मी कामशेतच्या पतसंस्थेत काम करते, तिथला पत्ता खाली दिला आहे.

स्नेहल


तुंगार्ली
२२ जुलै

समीक्षा यांना,

तुमच्या चार ओळी मिळाल्या. आधी नव्या वाळूची धूळ असते, मग नव्या पाण्यात जिवाणू वाढतात, दोन्ही आपोआप शमतं. दिवा बंद ठेवा, फिल्टरचा कापूस तेवढा बदला, पाण्याला आणि वाळूला हात लावू नका. ‘हात लावू नका’च्या खाली तुम्ही रेघ मारली आहे. ती रेघ मला टोचली. माझ्या घरातल्या वस्तूला हात लावू नका म्हणणारी ही कोण, असं वाटलं. मग आठवलं की विचारलं मीच होतं.

तुमचं अक्षर चांगलं आहे. हेही मला माहीत नसतं तर बरं झालं असतं.

मी सगळं पाळलं. हॉलमध्ये अंधार करून बसलो. पण गेल्या बुधवारी वडिवळ्याहून आई आली. माझी आई, कस्तुराबाई. भाताची लावणी उरकली की चार दिवस लेकीकडे येते. आल्या आल्या तिनं टाकीत डोकावून पाहिलं आणि म्हणाली, “हे पाणी हाय का ताक?” मी तिला सांगितलं की आपोआप निवळतं, वाट बघायची. तिला ते पटलं नाही. “धरणाचं पाणी आषाढात ह्याच्याहून गढूळ येतं. तुरटी फिरवली की काचंवानी. तुमी लय शिकल्याल्या, तुमाला तुरटी ठावं न्हाई व्हय?”

मी तिला अडवलं नाही. अडवायला हवं होतं हे मला कळत होतं. तुमची ती रेघ डोळ्यांसमोर होती, आणि म्हणूनच नाही अडवलं.

तिनं स्वयंपाकघरातला तुरटीचा खडा घेतला, हात धुतले, आणि हंड्यात फिरवतात तसा टाकीत फिरवत राहिली. सकाळी उठून बघते तर मागची भिंत दिसत होती. दगडावर चिकटलेलं किमतीचं लेबलसुद्धा वाचता येत होतं. तळाशी पांढऱ्या कापसासारखा थर बसला होता. मला इतका आनंद झाला की स्वतःचीच लाज वाटली. तुम्हाला आणि त्याला रोज गच्चीवर बोलून जे जमलं नाही, ते माझ्या आईनं एका खड्यानं केलं होतं.

श्रीयश दात घासत बाहेर आला. टाकीसमोर उभा राहिला. मला वाटलं आता हसेल, मला हाक मारेल. तो नुसता बघत राहिला, आणि हळूहळू त्याचा चेहरा उतरला. आई झाडू घेऊन तिथेच होती. तिनं विचारलं, “जावईबापू, पाणी निवळलं तर त्वांड का पाडलंय?”

आणि तुरटीचा खडा दाखवला, तेव्हा त्याला कळलं. मग तो आमच्यावर वैतागला. समुद्राच्या माशांना तुरटी चालत नाही, दगडावरचे जीव मरतात, सगळं पाणी फेकावं लागेल, असं बरंच काही बोलला. ते खरंही असेल. पण चेहरा उतरला तेव्हा तुरटीचं त्याला माहीत नव्हतं. ही गोष्ट मी इथे लिहून ठेवते आहे. तिचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही.

त्यानं तुम्हाला फोन लावला. या वेळी गच्चीवर गेला नाही, आमच्यासमोरच. “अगं, सासूबाईंनी तुरटी फिरवली,” असं तो म्हणाला आणि तुम्ही हसलात. फोनमधून बाहेर ऐकू येईल इतकं मोठ्यानं. मग त्यालाही हसू आलं, रागबिग सगळा गेला. तो माझ्याबरोबर असा कधी हसला होता ते मी तेव्हापासून आठवते आहे.

आईनं झाडू भिंतीला टेकवला आणि मला आत बोलावून म्हणाली, “मेलेल्या सवतीचा फोटू भितीला टांगत्यात, ते परवडलं बाई. ही तर बोलती.” मी तिला म्हटलं, आई, गप. ती गप बसली, आणि जायच्या दिवशी मला तुरटीचा उरलेला खडा पुडीत बांधून दिला.

टाकी रिकामी करून, धुऊन, नवीन पाणी भरलंय. पुन्हा पांढरं झालंय. तुम्ही पुन्हा मीठ पाठवलंत.

स्नेहल


कामशेत
५ ऑगस्ट

समीक्षा,

‘यांना’ आज गाळलं आहे. मी रागात आहे, आणि हे पत्र ऑफिसात दुपारच्या सुट्टीत लिहिते आहे.

नवीन पाण्यालाही दोन आठवडे झाले. तुमच्या हिशेबानं एव्हाना निवळायला हवं होतं. दिवा बंद आहे. कापूस मी स्वतः बदलते. हॉलमध्ये सुतक असल्यासारखे बसतो आम्ही. पाहुणे विचारतात, टाकी बिघडलीये का. आणि फोन चालूच आहेत. आता बोलणं नुसतं पाण्याचं राहिलेलं नाही. परवा तो तुम्हाला विचारत होता की गुडघ्याचं कसं आहे. तुमचा गुडघा दुखतो हे मला आता माहीत झालंय. माझ्या पाठीचं त्यानं या महिन्यात विचारलेलं नाही.

म्हणून मी ठरवलं की तुम्ही मुद्दाम करता आहात. मला एक सांगता, त्याला दुसरं सांगता. किंवा मीठच खराब पाठवता. हे सिद्ध करायचं म्हणून मी टाकीतलं पाणी लोणच्याच्या रिकाम्या बरणीत भरलं आणि स्वयंपाकघरात फळीवर ठेवलं. ते निवळलं नाही की बरणी तुमच्या दुकानात पार्सल करणार होते. आत चिठ्ठीत काय लिहायचं तेही ठरलं होतं.

बरणी दोन दिवसांत निवळली. तिच्याआडून वर्तमानपत्र वाचता येतं. तळाशी पिठासारखी धूळ बसली आहे, बस.

म्हणजे मीठ चांगलं आहे. पाणी चांगलं आहे. तुम्ही मला सांगितलेलंही बरोबर आहे. तुमच्याकडे चूक सापडली नाही याचा मला किती त्रास झाला, ते तुम्हाला सांगून कळणार नाही.

पण मग टाकीतलं का निवळत नाही? तुम्ही त्याला फोनवर नक्की काय सांगता? वाळू हलवायला सांगता का? हो किंवा नाही, एवढंच लिहा.

स्नेहल


तुंगार्ली
८ ऑगस्ट

समीक्षा,

मागच्या पत्राचं उत्तर यायच्या आधीच हे लिहिते आहे. मला ते आता नको.

काल कामशेतला वीज गेली, इन्व्हर्टर बसला, कॉम्प्युटर बंद. साहेबांनी दुपारीच घरी सोडलं. घरी पोचले तेव्हा पाऊस थांबला होता, हॉलची खिडकी उघडी होती. चपला काढायला खाली वाकले आणि सरळ होताना आत नजर गेली.

श्रीयश टाकीपाशी स्टुलावर उभा होता. शर्टाची बाही खांद्यापर्यंत वर गुंडाळलेली. हात कोपराच्या वर पाण्यात. त्याच्या हातात माझा भात वाढायचा चमचा होता, लाकडी. तो तळाची वाळू उकरून वर आणत होता, सगळीकडे, सावकाश, एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत. गडबड नव्हती. खीर तळाला लागू नये म्हणून आपण ढवळतो तसं. पाणी पांढरं होत गेलं, इतकं की त्याचा हात दिसेना.

मग त्यानं हात बाहेर काढला, पंच्याला पुसला, चमचा नळाखाली धुऊन जागेवर ठेवला. बाही खाली केली. आणि फोन कानाला लावला.

“अगं, पाणी अजून गढूळच आहे,” तो म्हणाला. “आता काय करू सांग.”

तो दमल्यासारखा वाटत होता आणि खूश होता. मी खिडकीबाहेर उभी होते. तुम्ही काय सांगितलंत ते ऐकू आलं नाही. तो मधून मधून ‘हं’ म्हणत होता. नंतर बोलणं पाण्यावरून दुसऱ्या कशावर तरी गेलं, तेव्हा मी चपला घालून कोपऱ्यावरच्या दुकानात गेले, नको असलेले पोहे घेतले आणि रोजच्या वेळेला घरी आले.

रात्री त्याच चमच्यानं भात वाढला. खारट लागेल असं मला वाटत होतं, नाही लागला.

तुम्हाला हे माहीत होतं का?

स्नेहल


तुंगार्ली
२५ ऑगस्ट

समीक्षा,

तुमचं पत्र मिळालं. या वेळी दोन पानं. वाळू हलवायला तुम्ही कधीच सांगितलं नाही, हे मी मानते. दुसऱ्यांदा पाणी भरल्यावर आठवड्याभरातच तुमच्या लक्षात आलं होतं की कुणीतरी हात घालतंय, आणि तो कुणीतरी कोण तेही आलं होतं, असं तुम्ही लिहिलंत. तरी फोन उचलत राहिलात. दुकान बंद केल्यावर संध्याकाळी बोलायला कुणी नसतं, सवय लागली, असं लिहिलंत.

हे तुम्ही लिहायला नको होतं. लिहिलंत म्हणून तुमच्यावर माझा विश्वास बसला, आणि लिहिलंत म्हणूनच रात्रभर माझा जळफळाट झाला. तुमच्याकडून काही नाही, सगळं याच्याच डोक्यात आहे, असं मी स्वतःला समजावत होते. तेही राहिलं नाही.

पुढचं सांगते. तुम्हाला त्यातलं थोडं माहीत आहे.

गणपतीच्या तयारीचं कारण सांगून मी आठवड्याची रजा टाकली. आतल्या खोलीतून शिवणयंत्र ओढत हॉलमध्ये आणलं आणि टाकीला लागूनच ठेवलं. मखराची झालर, गणपतीमागचा पडदा, वरच्या खोल्यांचे अभ्रे, जे मिळेल ते शिवत बसले. जेवायलाही तिथेच. श्रीयश येरझारा घालायचा. एकदा म्हणाला, वाळू जरा साफ करायला हवी. मी म्हटलं, मी करते, सांगा कशी करायची. तर म्हणाला, नको, राहू दे. एकदा म्हणाला, बाजारात जाऊन ये ना, चिक्की संपलीये पाहुण्यांसाठी. मी दुकानात फोन केला, त्यांनी घरपोच दिली.

कुणी हात लावला नाही तर पाणी कसं निवळतं ते मी यंत्रावर बसून पाहिलं. आधी पुढचा दगड कडेनं दिसायला लागला, मग मागचा. मग तापमापीवरचे आकडे. मग एका सकाळी दोरा ओवताना मान वर केली तर टाकीच्या आरपार पलीकडे बसलेला श्रीयश दिसला. पेपर उघडा होता आणि तो वाचत नव्हता. माझ्याकडे बघत होता. मी बघितलं तशी त्यानं नजर काढली नाही.

काल रविवारी पाहुणे गेल्यावर मी त्याचा फोन चार्जरवरून काढला आणि त्याच्या हातात दिला.

“लावा,” मी म्हटलं.

“कुणाला?”

“भाताचा चमचा मी पाहिलाय, अहो. खिडकीतून. लावा फोन, आणि सांगा तिला की पाणी निवळलं.”

तो खाली बसला. काहीतरी सांगायला लागला, की तसं काही नव्हतं, की मी समजते तसं नाही. मी म्हटलं, मला नका सांगू, तिला सांगा. मी मुद्दाम त्याच्यासमोर, फोनमधलं ऐकू येईल इतकी जवळ उभी राहिले. आत जाणार नव्हते.

तुम्ही फोनवर ऐकलंत ते एवढंच. तो म्हणाला, “पाणी निवळलं.” तुम्ही म्हणालात, “बरं झालं. मग आता फोनचं काही काम नाही.” तो म्हणाला, “नाही.” तुम्ही फोन ठेवलात. तुम्ही तसंच म्हणाल हे मला आधी माहीत नव्हतं. त्याबद्दल तुमचे आभार मानायला हवेत. मानले.

पण त्या ‘नाही’च्या आधी मध्ये बराच वेळ गेला. तुम्हाला वाटलं असेल रेंज गेली. आमच्याकडे जाते. काल रेंज होती. तो उठून टाकीपाशी गेला, काचेची कड धरून उभा राहिला. फोन कानाला होता. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मला वाटलं आता काहीतरी वेगळंच बोलेल, आणि ते मला उभ्यानं ऐकावं लागेल. मग त्यानं डोळे घट्ट मिटले आणि तो एक शब्द बोलला.

फोन कट झाल्यावरही त्यानं कानावरून काढला नाही. नंतर म्हणाला, “चहा टाकतेस?” मी म्हटलं, तुम्ही टाका. त्यानं टाकला. आलं जास्त झालं होतं. चहा पिताना आपणहून म्हणाला, “ती गेली तेव्हाही मला काही बोलता आलं नव्हतं. सामान गाडीत भरत होती आणि मी टाकी साफ करत होतो.” मग कप घेऊन आत गेला आणि बराच वेळ विसळत राहिला.

म्हणजे मला हवं होतं ते झालं. पाणी निवळलं, फोन थांबले. पहिल्या पत्रात मी एवढंच मागितलं होतं. आता तुम्हाला न सांगता राहवत नाही म्हणून सांगते. तो ‘नाही’ ऐकून मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. त्याऐवजी मी तिथे उभी राहून तुमच्यावर जळत होते. कारण इतकं जड काही तो माझ्याशी अजून बोललेला नाही. जे काही बोलायला त्याला सगळ्यात अवघड गेलं, तेही तुम्हालाच मिळालं. तुमच्याशी बोलणं सोडतानाही तो तुमच्याशीच बोलला.

पण आज सकाळी त्यानं माझ्या पाठीचं विचारलं. मी म्हटलं, आठवडाभर यंत्रावर बसून आणखी दुखतेय. म्हणाला, मग यंत्र इथेच राहू दे, इथे उजेड चांगला आहे, खुर्ची बदलू. हे तुमच्यासमोर मांडायला फार थोडं आहे, मला माहीत आहे. पण ते तो माझ्याशी बोलला.

क्लाउनफिशची जोडी बाजूला काढून ठेवली आहे, असं तुम्ही लिहिलं होतंत. पाठवू नका. मासे मी सोमाटण्याच्या दुकानातून आणणार आहे. तुमचे जास्त चांगले असतील, दगावणार नाहीत, हे सगळं कबूल. पण तुमच्या हातचं जिवंत काही मला या घरात नको.

गुडघ्याला तेल लावून शेक घ्या, आई तसंच करते.

या पत्राला उत्तर पाठवू नका. पाठवलंत तर मी ते ऑफिसात सगळ्यांच्या आधी जाऊन घेईन आणि दोनदा वाचीन, हे मला आता माहीत झालं आहे. म्हणून पाठवू नका.

स्नेहल